धूर कवटीवर, आग कुठे?

डोंगरावर धूर दिसला की तिथे आग असणार, हे न्यायदर्शनातलं अनुमानाचं नेहमीचं उदाहरण. आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. आग आहे हे कळलं, पण डोंगरावर नेमकी कुठे? अपस्माराची, म्हणजे आपण ज्याला फिट किंवा फेफरं म्हणतो त्याची, शस्त्रक्रिया ठरवताना डॉक्टरांपुढे हाच प्रश्न असतो.

साधारण दोन तृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी आटोक्यात येतात. दोन योग्य औषधं नीट घेऊनही ज्यांचे थांबत नाहीत, त्यांच्यापैकी काहींचा झटका मेंदूतल्या एकाच जागेतून सुरू होतो. ती जागा काढता आली तर झटके थांबू शकतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५पासून अशा शस्त्रक्रिया होत आहेत. आता पुण्यातही होतात. पण जागा चुकली तर? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! शिवाय शेजारीच वाचेचा किंवा हाताच्या हालचालीचा भाग असू शकतो.

एमआरआयमध्ये दोष स्पष्ट दिसला तर काम सोपं. दिसला नाही, तर विजेचा माग काढावा लागतो. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचे विद्युतसंकेत प्रथम नोंदवले. तोच आपला ईईजी. अडचण अशी की कवटी वीज नीट वाहू देत नाही. आतला ठळक संकेत बाहेर पुसट आणि पसरट होऊन येतो. वाऱ्याने धूर पांगावा तसा.

म्हणून स्रोत-प्रतिमांकन करतात. डोक्यावर नेहमीच्या वीसेक इलेक्ट्रोडांऐवजी कधी १२८, कधी २५६ लावतात. रुग्णाच्याच एमआरआयवरून त्याच्या डोक्याची प्रतिकृती संगणकात तयार होते. मग गणित असं: अमुक बिंदूतून वीज निघाली, तर कवटीवर कसा नकाशा उमटेल? प्रत्यक्ष नोंदीशी कुठला जुळतो?

इथे खरी गोम आहे. हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्येच दाखवलं होतं की बाहेर दिसणारा एकच नकाशा आतल्या असंख्य वेगवेगळ्या रचनांमधून निर्माण होऊ शकतो. त्यामुळे संगणकाला काही गृहीतकं आधी द्यावीच लागतात: स्रोत एकच आहे, किंवा मेंदूच्या बाह्यस्तरातच आहे, वगैरे. म्हणजे पडद्यावरचा तो रंगीत ठिपका फोटो नव्हे, अनुमान आहे!

अनुमान म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. त्याला साक्षीदार लागतात. व्हिडिओ-ईईजी, एमआरआय, पेट स्कॅन. ते एकमेकांशी जुळले तर शस्त्रक्रियेचा निर्णय पक्का होत जातो. जुळले नाहीत, तर मेंदूच्या आत इलेक्ट्रोड घालून तपासावं लागतं. ते कुठे घालायचे, हे ठरवायलाही हाच ठिपका उपयोगी पडतो.

आणखी एक साक्षीदार घरातच असतो. आधी कुठला हात आखडला, मान कुठे वळली, बोलणं कधी थांबलं, हे जवळच्या माणसांनी पाहिलेलं असतं. आपल्याकडे मात्र मुलीचं लग्न जमायचंय म्हणून फिट लपवतात. हिंदू विवाह कायद्यातून अपस्मार हे विवाह रद्द ठरवण्याचं कारण १९९९ मध्येच वगळलं गेलं, तरी लपवणं चालूच आहे. अहो, साक्षीदारच गप्प बसला तर निवाडा कसा व्हायचा? तेव्हा झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, डॉक्टरांना दाखवा. आणि तो रंगीत ठिपका समोर आला की निःसंकोच विचारा, "डॉक्टर, याला दुजोरा आणखी कशाचा आहे?"