ठळक ते आपलं, तिरपं ते काउन्सिलचं

पहाटे ५.१०
लंडनच्या पश्चिम टोकाचं भाड्याचं घर. स्वयंपाकघरात दिवा लागलाय. ती मूळची साताऱ्याकडची, वय अडतीस. रोज संध्याकाळी पाच ते दहा एका केअर होमच्या किचनमध्ये काम करते. भाज्या चिरायच्या, मोठी पातेली घासायची. तासाला १२ पौंड २१ पेन्स. २०२५ सालचा सरकारी किमान दर, वर एक पेनी नाही.

आज तिच्या नऊ वर्षांच्या मुलाची सुनावणी आहे. मुलगा ऑटिस्टिक आहे. काउन्सिल, म्हणजे इथली पालिका, म्हणते, जवळच्या साध्या शाळेतच मदत देऊ. ही म्हणते, त्याला खास शाळा हवी. अपील गेल्या वर्षी नोंदवलं, तारीख मिळाली ती आजची. मुलाजवळ कुणीतरी हवं म्हणून मी रात्रीच मुक्कामाला आले.

टेबलावर दोन जाड फायली. ट्रायब्युनलपुढचे, म्हणजे अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढचे, सगळे कागद क्रमांक घालून एकत्र लावतात, त्याला बंडल म्हणतात. काउन्सिलने ते ईमेलने पाठवलं. स्क्रीनवर मागेपुढे जाताना हिचा गोंधळ उडतो, म्हणून लायब्ररीत जाऊन छापून घेतलं. पानाला दहा पेन्स, ३८० पानं, ३८ पौंड.

सकाळी ६.५०
नवरा रात्रपाळी करून आला. विमानतळावर मालाच्या गोदामात असतो. बूट काढले, चहा घेतला, साडेनऊचा गजर लावून आडवा झाला.

ती मुलाचे कपडे काढते. बनियनचं लेबल कापलेलं, बनियन उलटं. मोजेही उलटे, शिवण बाहेर. शिवण बोटांना लागली की तो मोजा फेकतो आणि मग तास जातो. फ्रिजवर वेल्क्रोची पट्टी आहे, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. आत्ता टोस्ट, नंतर आंघोळ. चित्रं तिने स्वतः लॅमिनेट केलीत. आज एक नवं चित्र आहे: बंद दार, दाराआड आई, समोर लॅपटॉप.

सकाळी ८.१५
आज शाळा नाही. तशी रोजही दोनच तास असते. सव्वानऊला सोडायचं, सव्वाअकराला आणायचं. दिवसाची नोकरी तिने त्यापायीच सोडली.

ती शेवटचं एकदा वर्किंग डॉक्युमेंट चाळते. सगळं भांडण याच कागदावर चालतं. साधी अक्षरं म्हणजे मूळ प्लॅन. अधोरेखित म्हणजे दोघांना मान्य. ठळक म्हणजे आईवडिलांची मागणी. तिरपं म्हणजे काउन्सिलचं म्हणणं. “ठळक ते आपलं, तिरपं ते त्यांचं,” ती बोट फिरवत म्हणते. काही ठिकाणी एकाच वाक्यात चारही प्रकार आहेत.

प्लॅन म्हणजे ईएचसी प्लॅन, मुलाच्या शिक्षण, आरोग्य आणि देखभालीचा. २०१४च्या कायद्याने आला, गरज असेल तर पंचविसाव्या वर्षापर्यंत चालतो. सेक्शन बीमध्ये मुलाच्या गरजा, एफमध्ये द्यायची मदत, आयमध्ये शाळेचं नाव. एफमध्ये जे लिहिलं ते काउन्सिलला द्यावंच लागतं. म्हणून तिथे काही पक्कं लिहायला काउन्सिलचा हात आखडतो.

सकाळी ९.३०
झोपायच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवलाय, कारण दुसरं टेबल जिन्यावरून वर जात नाही. सुनावणी व्हिडिओवर आहे. अर्धा तास आधी जोडून आवाज तपासायचा. नवरा चुरगळलेल्या शर्टावर जॅकेट चढवून शेजारी बसला.

अपिलाला फी नाही, वकीलही लागतोच असं नाही. खर्च येतो तो पुराव्याचा. खासगी एज्युकेशनल सायकॉलॉजिस्टचा अहवाल १,३५० पौंड. स्पीच थेरपिस्टचा ७२०. सायकॉलॉजिस्ट आज साक्षीला येणार, त्याचे ६०० वेगळे. नुसत्या पहिल्या अहवालासाठी तिला ११० तासांहून जास्त पातेली घासावी लागली. कायद्याचा सल्ला मात्र फुकट मिळाला, एका संस्थेच्या हेल्पलाइनवर. फोन लागेपर्यंत कणीक मळून व्हायची.

सकाळी १०.००
दार बंद. आत एक न्यायाधीश, विशेष शिक्षणातला एक जाणकार सभासद, काउन्सिलची केस बघणारी बाई आणि त्यांचा सायकॉलॉजिस्ट. सुनावणी खासगी असते. मी खाली.

मुलगा पट्टीवरचं नवं चित्र काढतो, पुन्हा लावतो. मग वॉशिंग मशीनसमोर मांडी घालून बसतो. मशीन रिकामं आहे. मी दोन टॉवेल टाकून सुरू करते. पाणी भरताना तो हसतो. जोरात फिरायला लागण्याच्या क्षणभर आधी, मला काही ऐकू यायच्या आत, त्याचे हात कानांवर गेलेले असतात. फिरणं थांबेस्तोवर तो जागचा हलत नाही. अर्ध्यात बंद केलेलं चालत नाही, हे मला आधीच बजावलं होतं.

सकाळी ११.२५
दहा मिनिटांची सुट्टी. ती जिन्यात उभ्याउभ्या पाणी पिते.

“ताई, पहिला सगळा वेळ एफवरच गेला.”

काउन्सिलचं वाक्य असं होतं: मुलाला स्पीच थेरपीचा ‘ॲक्सेस’ राहील. ठळक अक्षरांत हिचं: थेरपिस्टने स्वतः, समोरासमोर, आठवड्याला ४५ मिनिटं. न्यायाधीशांनी बाईंना विचारलं, ॲक्सेस म्हणजे कोण देणार, किती वेळा, किती वेळ? बाई म्हणाल्या, शाळेच्या गरजेप्रमाणे. न्यायाधीश म्हणाले, शाळेच्या की मुलाच्या?

ती हे सांगताना हसत नाही. पेन्सिलीने समासात ४५ लिहून त्याला गोल केलाय.

दुपारी १.०५
जेवण. तिने दोन घास पोळी खाल्ली, नवऱ्याने कालचा भात. मुलाला टोस्टच, कडा काढलेला. सायकॉलॉजिस्टची साक्ष झाली. ६०० पौंडांत चाळीस मिनिटं बोलला, पण नीट बोलला, असं नवऱ्याचं मत.

दुपारी २.१५
आता आय, म्हणजे शाळा आणि पैसे. हिने मागितलेली शाळा खासगी आहे, फक्त ऑटिस्टिक मुलांची. फी वर्षाला साठ हजार पौंडांच्या वर. सरकारी पैशाचा अवाजवी खर्च होत असेल तर पालकांची पसंती बाजूला ठेवता येते. म्हणून दोन्हीकडचे आकडे समोरासमोर मांडतात.

सकाळची ४५ मिनिटं इथे कामाला येतात. प्लॅनमध्ये नुसता ‘ॲक्सेस’ असेल तर साध्या शाळेचा खर्च नगण्य दिसतो. थेरपिस्टचे तास, दिवसभराचा मदतनीस, त्याचं प्रशिक्षण, सगळं आकड्यांत लिहिलं की स्वस्त शाळा तेवढी स्वस्त राहत नाही. हेल्पलाइनवरच्या बाईंनी हे एकदाच सांगितलं होतं: आधी एफ भर, आय आपोआप येईल. तिने ते फाइलच्या आतल्या बाजूला मराठीत लिहून ठेवलंय.

दुपारी ३.४०
संपलं. निकाल दहा कामकाजी दिवसांत, ईमेलने.

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अशी सुमारे २१ हजार अपिलं नोंदली गेली. निकालापर्यंत जातात त्यांतली ९५ टक्क्यांहून जास्त पूर्णतः किंवा अंशतः पालकांच्या बाजूने लागतात. मी हे तिला सांगितलं. तिला ठाऊक होतं.

“मग इथपर्यंत आणतात कशाला?” नवरा विचारतो.

“मधेच दमून सोडणारे पण असतील ना,” ती म्हणते आणि गणवेशाचा शर्ट शोधायला लागते. नवरा झोपायला जातो.

दुपारी ४.२०
बसस्टॉप. भाडं १ पौंड ७५. पाच तासांचे ६१ पौंड ५ पेन्स, कर-कपात वेगळी. आज रविवारसारखं भाजलेलं मांस आहे म्हणे, म्हणजे ट्रे खरवडावे लागणार.

रात्री १०.४०
नवरा नऊलाच पाळीवर गेला. मुलगा झोपलाय. ती हात धुते. बोटांची टोकं पांढरी पडलीत. क्रीम लावते आणि लॅपटॉप उघडते. ईमेल नाही, आज येणारच नव्हता.

शाळा मिळाली तर टॅक्सीचा अर्ज वेगळा करावा लागतो, तोही काउन्सिलकडेच. तिने कच्चा मसुदा सुरू केलाय. प्रश्न आहे: मुलाला तुम्ही स्वतः का सोडू शकत नाही? तिने आधी लिहिलं होतं, बस सोयीची नाही. ते खोडलं. दोन बस, लिहिते. एका बाजूला १ तास २० मिनिटं.