‘कम अगेन’ म्हणजे पुन्हा या नव्हे!

वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव हळदीच्या पट्ट्यातले. तेथील विहारात एका संध्याकाळी आम्ही बसलो होतो. कार्यक्रम आटोपला होता, पण पोरे उठायला तयार नव्हती. त्यांतल्या एकाने आपली कहाणी सांगितली. मुलगा संगणकाची पदवी घेतलेला, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची गुणपत्रिका चांगली, लेखी परीक्षेत उत्तीर्ण. पुण्याच्या एका कंपनीत मुलाखतीला बोलावणे आले. समोर तिघे बसलेले. त्यांनी त्याच्या प्रकल्पाविषयी विचारले, याने पाठ केलेले उत्तर दिले. मधल्या साहेबाने भुवया उंचावून म्हटले, “कम अगेन?” आमच्या पोराला वाटले, पुन्हा येण्यास सांगत आहेत. तो नम्रपणे म्हणाला, “येस सर, व्हिच डेट?”

तिघेही हसले. नंतर दोन किरकोळ प्रश्न विचारून त्याला वाटेला लावले. आपले नेमके चुकले कुठे, हे त्याला दोन दिवसांनी मित्राकडून कळले. साहेबाला त्याचे बोलणे नीट समजले नव्हते आणि ‘परत एकदा सांगा’ एवढेच त्याला म्हणायचे होते.

खरे सांगायचे तर ऐकताना आम्हीही हसलो. मुलाचा बाप शेजारीच बसला होता. हंगामात हळद शिजवण्याच्या कामावर जाणारा माणूस. तो हसला नाही. तो म्हणाला, “साहेब, पोरगं इंग्रजीत पास झालंय म्हणतेत. मंग इंग्रजीतच नापास कसं झालं?”

या प्रश्नाने आमचे हसणे जागीच थांबले. त्या बापाला तेव्हा धड उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी ते पाचवीपासून असे. म्हणजे आज मुलाखतीला जाणारी आमची पिढी पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी ‘शिकलेली’ आहे. पण ती काय शिकली? नाम, सर्वनाम, कर्तरी, कर्मणी. वाक्प्रचार म्हणून गाईडमध्ये यादी असते आणि तिच्यात मुसळधार पावसाला ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणतात हे हमखास असते. कुत्र्यामांजरांचा हा पाऊस आमच्या पोरांनी घोकून घोकून पाठ केला. आता खुद्द इंग्रज माणूसही तो क्वचितच पाडतो! याउलट कचेरीत, फोनवर, मुलाखतीत जे रोज तोंडी येते ते ‘गो अहेड’, ‘नेव्हर माइंड’, ‘फेअर इनफ’, ‘बेअर विथ मी’, ‘लेट्स कॉल इट अ डे’ त्या यादीत सहसा नसते. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द शाळेतल्या पोराला येतो. शब्द ओळखीचा आणि बोलणे अनोळखी, अशी ही गत आहे. ‘लेट्स कॉल इट अ डे’ म्हणजे आजचे काम इथेच थांबवू या. यात दिवसाला कोणी हाक मारलेली नाही.

यात इंग्रजीचीच काही खोडी आहे असेही नाही. आपल्या ‘लागणे’ या क्रियापदाकडे पाहा. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेड लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, गाडी लागते. परक्या माणसाने शब्दकोश हाती घेऊन यातून वाट काढायची म्हटली तर त्याला वेडच लागेल. इंग्रजीत ‘पुट’ हे तसेच आहे. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट आऊट’ म्हणजे विझवणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूट सोसणे आणि ‘पुट डाऊन’ म्हणजे चारचौघांत पाणउतारा करणे. ठेवणे हा अर्थ माहीत असून यातले काहीच कळत नाही. कुरुंद्यातलीच नर्सिंग शिकणारी एक मुलगी म्हणाली, आम्ही ‘पास आऊट’ झालो म्हणजे पदवी मिळाली. आपल्याकडे ते चालते. पण परदेशातल्या दवाखान्यात ‘द पेशंट पास्ड आऊट’ म्हणजे रुग्ण बेशुद्ध पडला, आणि ‘पास्ड अवे’ म्हणजे तो गेला. एका लहानशा शब्दाने माणूस शुद्धीवरून थेट स्मशानात जातो. अशा ठिकाणी बोलीतले बारकावे शिकणे हा केवळ नखरा कसा म्हणता येईल?

तरी नखरा म्हणणारे आहेतच. पहिला वर्ग मराठीच्या नावाने गळा काढणाऱ्या प्रस्थापितांचा. बहुजनांच्या पोरांनी मातृभाषेतच रमावे असा यांचा उपदेश, आणि स्वतःची नातवंडे मात्र बालवाडीपासून इंग्रजी शाळेत! या महाभागांविषयी अधिक लिहून आम्ही जागा वाया घालवत नाही. दुसरा वर्ग आपलाच आहे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. आपले काही जुने कार्यकर्ते म्हणतात, इंग्रजी ज्ञानासाठी शिका, पण साहेबासारखे बोलण्याची हौस कशाला? ही नक्कल आहे, गुलामी आहे. आम्हाला हे मान्य नाही.

बाबासाहेबांचेच उदाहरण घेऊ. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांनी भीमरावाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घोटून घेतल्या, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. भाषांतर म्हणजे पूर्ण वाक्याचे वळण. आपण जे असे म्हणतो ते इंग्रज कसे म्हणेल, याचा सराव. पुढे १९१२ साली इंग्रजी व फारसी हे विषय घेऊन बाबासाहेब बी.ए. झाले, १९१३ साली कोलंबियाला गेले. शाळेत संस्कृत नाकारले गेले म्हणून फारसी, ही कथा आपण सारे जाणतो. इंग्रजी मात्र बापाने मुलाला घरात, रात्री जागून दिली.

आणि ज्या तीन शब्दांवर आपली चळवळ उभी आहे ते शब्द कोठून आले? ‘एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ’. ही घोषणा १८८०च्या दशकात ब्रिटनमधील समाजवाद्यांच्या तोंडी होती. बाबासाहेबांनी तो इंग्रजी बोलीतला चलनी प्रयोग उचलला, आपल्या कामाला जुंपला आणि १९४२च्या नागपूर परिषदेत शेवटचा संदेश म्हणून आपल्याला दिला. आपण त्याचे मराठी करताना ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ असा क्रम बदलला. मधला ‘अ‍ॅजिटेट’ मागे गेला आणि त्याचा अर्थ मोर्चापुरता उरला. इंग्रजीत त्या शब्दाला ढवळून काढणे असाही अर्थ आहे. शिकलेला माणूस आधी आतून ढवळून निघतो, अस्वस्थ होतो, आणि मग संघटनेकडे वळतो, असा अर्थ त्या क्रमातून निघतो. यावर आपल्यात पुष्कळ वाद झाले आहेत, आणखीही होतील. पण इंग्रजी शब्दाची नस न सापडल्याने किती मोठी गोष्ट हातून निसटू शकते, हे आपल्याच घरातले उदाहरण आहे.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ मराठीत लिहिली, पण प्रस्तावना इंग्रजीतही जोडली. सावित्रीमाईंच्या १८५४ सालच्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे. यातले कोणी साहेबाचे बूट चाटायला इंग्रजी शिकले नव्हते. मराठवाड्यात तर निजामाची राजवट, कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९४८ नंतर ती गेली आणि १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद झाले. परभणी, नांदेडकडच्या खेड्यांतली पोरे तेथे ट्रंक घेऊन गेली. पुढे याच भागातल्या माणसांनी विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे झुंज दिली, घरे जाळून घेतली, माणसे गमावली. त्यांची नातवंडे आज त्या विद्यापीठांतून पदव्या घेऊन बाहेर पडतात आणि ‘कम अगेन’पाशी अडतात. हे आम्हाला सलते.

इंग्रजीचे स्तोम माजवणेही आम्हाला पसंत नाही. २०१० साली उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी जिल्ह्यातील बांका गावी चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने ‘इंग्रजी देवी’चे मंदिर उभारण्याचा घाट घातला गेला. मूर्तीच्या हाती लेखणी, पायाखाली संगणक. त्यामागची तळमळ आम्ही ओळखतो. पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला आणखी एक देवी कशाला? इंग्रजी हे अवजार आहे. अवजाराला धार लावायची असते, हार घालायचा नसतो.

शिवाय ती काही सोवळी भाषा नव्हे. मराठीने ‘गाव तिथे महारवाडा’सारख्या म्हणी पिढ्यान्‌पिढ्या निर्लज्जपणे वापरल्या. इंग्रजीत हा वास नसेल असे आपल्याला वाटते. पण वाळीत टाकलेल्या माणसाला, जगाने बहिष्कृत केलेल्या देशालाही इंग्रज ‘पराया’ म्हणतो. हा हिंदीतला पराया नव्हे. हा शब्द तमिळनाडूतील परैयर या आपल्या अस्पृश्य बांधवांच्या जातिनामावरून इंग्रजीत गेला आहे. त्या समाजाचे नाव ‘परै’ या वाद्यावरून पडले असे सांगतात. मोठमोठी इंग्रजी वर्तमानपत्रे तो आजही बिनदिक्कत छापतात. आमच्या मुलांनी हाही शब्द शिकावा. वापरण्यासाठी नव्हे, समोरच्याने वापरला तर त्याचे मूळ त्याला तिथल्या तिथे सांगण्यासाठी.

‘नॅचरल’ बोलणे म्हणजे काय, हा खरा प्रश्न आहे. ज्यांच्या घरी तीन पिढ्या इंग्रजी वर्तमानपत्र येते, त्यांच्या पोरांना ‘कम अगेन’ जेवणाच्या टेबलावर फुकट मिळते. त्याला मग गुणवत्ता म्हणतात. आमच्या पोराला तेच वही पेन्सिल घेऊन शिकावे लागते, म्हणून ते कृत्रिम! कुरुंद्याची मुले पुण्यात गेली की आधी त्यांच्या मराठीला हसतात. ‘जायलो’, ‘करायलो’ म्हटले की वसतिगृहात नक्कल होते. महिनाभरात पोरगा ‘जातोय’, ‘करतोय’ म्हणू लागतो आणि गावी फोनवर बोलतानाही घाबरतो. एका भाषेची लाज घेऊन गेलेला मुलगा दुसरी भाषा ताठ मानेने कसा बोलेल? विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदात, म्हणजे वेदांच्या संस्कारी भाषेत बांधू द्यावे अशी विनंती केली. तथागतांनी ती फेटाळली आणि ज्याने त्याने आपल्या भाषेत ते शिकावे, अशी अनुज्ञा दिली. तेव्हा ‘जायलो’ची लाज सोडा. इंग्रजी वाक्य त्याच्या शेजारी बसवा, त्याच्या डोक्यावर नको.

आता शिकायचे कसे? तालुक्याच्या गावी ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’चे फलक लागतात, हजारो रुपये घेतात आणि शेवटी तीच गाईडमधली यादी हाती देतात. त्यापेक्षा जुने रॅपिडेक्स बरे, ज्याची जाहिरात कपिल देव करीत असे. त्यात निदान प्रसंगानुसार पूर्ण वाक्ये होती. आज हाती मोबाइल आहे आणि बीबीसीचे इंग्रजी शिकवणारे सहा मिनिटांचे कार्यक्रम त्यावर फुकट ऐकता येतात. ऐकलेले वाक्य सुटे न लिहिता कोण, कोणाला, कशा प्रसंगी म्हणाले तेही लिहावे. ‘नो वरीज’ मित्राला चालते, जिल्हाधिकाऱ्यांना लिहायच्या पत्रात नाही. ‘व्हॉट इज युवर गुड नेम’ हे आपल्या शुभ नामाचे भाषांतर, ते इंग्रजाला चमत्कारिक वाटते. पण आपले सगळेच टाकाऊ असेही नाही. ‘प्रीपोन’ हा आपल्याकडे रुळलेला शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने घेतला आहे. दहा पल्लेदार वाक्प्रचारांपेक्षा एक साधे वाक्य आधी पाठ करावे. ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट.’ न कळल्याचे न लाजता सांगता आले असते तर पुण्याची ती मुलाखत तेथेच सावरली असती.

हे एकट्याने होत नाही, कारण बोलायला दुसरे माणूस लागते. कुरुंद्याच्या पोरांनी त्याच रात्री ठरवले की दर रविवारी वंदनेनंतर एक तास विहारात फक्त इंग्रजी बोलायचे. पहिल्या रविवारी नऊ जण आले, त्यांत चार मुली. नांदेडचे एक निवृत्त बँक अधिकारी फोनवरून त्यांच्या खोट्या मुलाखती घेतात आणि मुद्दाम भरभर, तोंडातल्या तोंडात बोलतात. परवा आम्ही चौकशी केली तेव्हा ते तक्रारीच्या सुरात म्हणाले, मला एक वाक्य धड पुरे करू देत नाहीत हो, मध्येच सगळी मिळून ओरडतात, “कम अगेन, सर?”