नवागत-प्रथा, महाविद्यालयीन

महाविद्यालय, वसतिगृह वा विद्यार्थिमंडळ यांत नव्याने आलेल्यास जुन्या सभासदांनी आपल्यात सामावून घेण्याचे रूढ संकेत व विधी. परिचय, स्वागतसमारंभ, शपथ व उमेदवारीचा काळ ही त्यांची सौम्य रूपे असून नवागताची मानहानी वा छळ हे त्यांचे विकृत रूप होय. या विकृत रूपास भारतात ‘रॅगिंग’, तर अमेरिकेत ‘हेझिंग’ असे म्हणतात.

मध्ययुगीन यूरोपीय विद्यापीठांत या प्रथा रूढ होत्या. जर्मन विद्यापीठांत नवागताच्या डोक्यास शिंगे लावून ती समारंभपूर्वक कापून टाकीत. रानटी पशूचा सुसंस्कृत विद्यार्थी झाला, असे त्यातून सूचित होई. इंग्लंडमधील निवासी शाळांत कनिष्ठ मुलांनी वरिष्ठांची कामे करण्याची चाल होती. अमेरिकेत १७७६ मध्ये व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात ‘फाय बीटा कॅपा’ हे ग्रीक अक्षरनामधारी मंडळ स्थापन झाले. पुढे १८२५ मध्ये युनियन महाविद्यालयात ‘कॅपा अल्फा’ मंडळ निघाले आणि अशा बंधुमंडळांचा प्रसार झाला. या मंडळांत प्रथम परिचयाचे मेळावे, नंतर निमंत्रण, त्यानंतर ‘प्लेज’ म्हणून उमेदवारी व अखेरीस गुप्त दीक्षाविधी, असा क्रम असतो. उमेदवारीच्या काळात मंडळाचा इतिहास व नियम शिकविले जातात. मात्र याच काळात मद्यपानाची सक्ती, जागरण, मारहाण इ. प्रकारही घडतात. कॉर्नेल विद्यापीठात १८७३ मध्ये अशा विधीच्या वेळी एक विद्यार्थी दरीत पडून मरण पावला. न्यूयॉर्क राज्याने १८९४ मध्ये याविरुद्ध कायदा केला. २०२४ अखेर संमत झालेल्या संघीय कायद्याने अशा घटनांची माहिती प्रसिद्ध करणे उच्च शिक्षणसंस्थांवर बंधनकारक केले.

मानवशास्त्रज्ञ आर्नॉल्ड व्हान जेनेप याने १९०९ मध्ये संक्रमणविधींचे वियोग, संधिकाल व पुनःसमावेश असे तीन टप्पे सांगितले. मधल्या टप्प्यात व्यक्तीचा जुना दर्जा गेलेला व नवा न मिळालेला असतो. म्हणून ती सर्वाधिक असहाय असते. प्रवेशासाठी सोसलेला त्रास जितका अधिक, तितका तो गट अधिक मोलाचा वाटू लागतो, असे ॲरन्सन व मिल्स यांच्या १९५९ मधील प्रयोगात आढळले. आपण सोसले ते व्यर्थ नव्हते, असे मनास पटविण्याची गरज त्यामागे असते. एका वर्षी छळला गेलेला विद्यार्थी पुढील वर्षी स्वतः छळ का करतो, याचा काही उलगडा यावरून होतो.

भारतात बंधुमंडळांची पद्धती रुजली नाही. येथे नवागत-प्रथांचे केंद्र वसतिगृह हे राहिले. व्यावसायिक महाविद्यालयांत त्यांचे उग्र रूप विशेष दिसले. चिदंबरम् येथे १९९६ मध्ये वैद्यकीय शाखेच्या प्रथम वर्षातील एका विद्यार्थ्याचा खून झाल्यानंतर १९९७ मध्ये तमिळनाडूने याविषयी कायदा केला. त्यापाठोपाठ ‘महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९’ अस्तित्वात आला. शारीरिक वा मानसिक इजा, भीती, लज्जा वा संकोच निर्माण करणारी वर्तणूक या अधिनियमानुसार रॅगिंग ठरते; एरव्ही जे कृत्य विद्यार्थी स्वेच्छेने करणार नाही, ते त्यास करावयास सांगणे हेही त्यात येते. दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा आहे. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यास संस्थेतून काढून टाकले जाते व पाच वर्षे अन्यत्र प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक असून त्यात कसूर करणारा प्रमुख गुन्ह्यास साहाय्य करणारा समजला जातो.

सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. राघवन समितीने २००७ मध्ये अहवाल सादर केला. २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील अमन काचरू या विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच वर्षी विनियम केले. विद्यार्थी व पालक यांचे प्रतिज्ञापत्र, प्रतिबंधक समिती व पथक, तसेच सहा नवागतांमागे एक मार्गदर्शक विद्यार्थी या त्यांतील प्रमुख तरतुदी होत. जात, धर्म, भाषा, प्रदेश इत्यादींवरून होणारा छळ २०१६ च्या दुरुस्तीने रॅगिंगच्या व्याख्येत स्पष्टपणे समाविष्ट झाला.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने या दुरुस्तीस विशेष महत्त्व आहे. शेगाव येथे १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. बुलढाणा येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास मान्यता मिळाली. त्यामुळे परगावचे विद्यार्थी जिल्ह्यात येतात; त्याचप्रमाणे जिल्ह्यातील अनेक मुले-मुली पुणे, मुंबई, नागपूर येथील वसतिगृहांत जातात. खेड्यातून आलेल्याची वऱ्हाडी बोली, पेहराव वा प्रवेशपरीक्षेतील गुण यांवरून केलेली ‘थट्टा’ पुष्कळदा जातीच्या व आर्थिक स्थितीच्या चौकशीपर्यंत जाते. कुटुंबात प्रथमच उच्च शिक्षण घेणाऱ्यास प्रवेश सोडून परतणे परवडत नाही; तक्रार केल्यास एकटे पडण्याचे भय असते. म्हणून त्याचे मौन ही संमती मानता येत नाही.

नवागतास सामावून घेण्यासाठी अवमान आवश्यक असतो, असे मात्र नाही. शेगावहून आषाढी वारीसाठी दरवर्षी पंढरपुरास पालखी जाते. वारकरी संप्रदायात येणारा तुळशीची माळ घालतो, तेव्हा वारी, एकादशी व मांसवर्जन ही व्रते त्यास आधीच ठाऊक असतात व ती जुन्यानव्या सर्वांना सारखीच लागू असतात. लहानथोर परस्परांच्या पाया पडतात. उघड अटी, समान बंधने व परस्पर आदर यांवर उभी राहिलेली ही दीक्षा गुप्तता व एकतर्फी सत्ता यांवर पोसलेल्या रॅगिंगहून मुळातच भिन्न आहे. महाविद्यालयांतील स्वागतसमारंभ व मार्गदर्शक विद्यार्थी या योजनांचे यशही याच तत्त्वांवर अवलंबून राहते.