हळद डब्यात राहू द्या, गोळ्या सोडू नका

पिपरी मेघेतल्या आमच्या घरी अब्बांच्या हृदयात स्टेंट बसून वर्षही झालं नव्हतं. एका नातलगाने हळदीच्या कॅप्सूलची बाटली आणून दिली. "नसांची सूज उतरते, आता त्या गोळ्या कशाला?" अब्बांनी चार दिवस गोळ्या घेतल्या नाहीत. अम्मीने पाकीट मोजलं, म्हणून कळलं. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी अचानक बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

नातलगाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. रक्तवाहिनीच्या अस्तराखाली कोलेस्टेरॉल साचतं, तिथे पांढऱ्या पेशी जमतात आणि सूज येते. सुजलेला थर फुटला की गुठळी होऊन झटका येतो. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत ही सूज कमी करताना दिसतं. अडचण अशी, की पोटातून ते रक्तात फारच थोडं उतरतं.

आपल्या जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात सुमारे ६ टक्के कर्क्युमिन असतं. म्हणजे ३ ग्रॅमच्या चमच्यात १८० मिलिग्रॅम, आणि भाजीत तर चिमूटभरच पडते. ती अन्न म्हणून उत्तम आहे, औषध म्हणून अपुरी. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांना दिसलं, की मिऱ्यातलं पायपरिन सोबत दिल्यास कर्क्युमिन वीस पटीने जास्त शोषलं जातं. म्हणूनच अनेक कॅप्सूलमध्ये ते घालतात. पण अशा कॅप्सूलने काहींच्या यकृताला इजा झाली आहे, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत रक्तस्रावाचा धोकाही वाढू शकतो.

वनस्पतीतून आलेलं औषध हृदयाला उपयोगी पडतच नाही, असं नाही. युनानी हकीम सांधेदुखीवर सुरंजान देत आले. त्यातल्या कोल्चिसिनची चाचणी ५,५२२ हृदयरुग्णांवर झाली. २०२० च्या त्या निकालात झटका व तत्सम घटना ३१ टक्क्यांनी कमी दिसल्या. २०२३ मध्ये अमेरिकेने अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी मंजूर केली. २०२४ च्या मोठ्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. आणि हेच कोल्चिसिन आपल्याकडच्या कळलावीच्या कंदात असतं, जो खाऊन माणूस दगावतो. सारा फरक मोजलेल्या मात्रेचा आहे.

अब्बांची बाटली आम्ही डॉक्टरांना दाखवली आणि बंद केली. तुमच्याही घरी अशी बाटली असेल, तर पुढच्या तपासणीला गोळ्यांच्या पाकिटासोबत ती न्या. डाळीतली हळद मात्र चालू ठेवा.