घरपट्टी आणि स्थानिक स्वराज्य

संसारी माणसास जे अनेक कर द्यावे लागतात, त्यांपैकी बहुतेक त्याच्या नकळत वसूल होतात. कापडाच्या वा साबणाच्या किमतीत मिसळून गेलेला वस्तू व सेवा कर तो नित्य भरतो. परंतु तो एकंदर किती भरला आणि त्यातून काय साधले, हे त्यास वर्षअखेरीसही सांगता येत नाही. घरपट्टीची गोष्ट निराळी. तिचे देयक मिळकतदाराच्या नावानिशी दारी येते, ठोक रक्कम मागते आणि विलंब झाल्यास शास्तीची तंबी देते. म्हणून ती सर्वांत जाचक वाटते. पण ती अशी उघडपणे, आपल्याच गावाकडून, आपल्याच गावासाठी मागितली जाते, म्हणूनच स्थानिक स्वराज्याच्या दृष्टीने तिच्याइतका मोलाचा दुसरा कर नाही, असे माझे मत आहे.

हे देयक आपण बहुधा शेवटचा आकडा पाहून घडी घालून ठेवतो. ते सावकाश वाचावे. शहरागणिक नावे थोडीफार बदलतात, परंतु सर्वसाधारण कर, मलनिःसारणाचा कर, अग्निशमन कर, वृक्ष उपकर अशा बाबी त्यात ओळीने मांडलेल्या असतात. त्यांच्यामागे सकाळची घंटागाडी, रस्त्यावरची दिवाबत्ती, पालिकेचा दवाखाना आणि स्मशानभूमी ही सारी व्यवस्था उभी असते. काही ओळी मात्र महापालिकेच्या नसतातच. शिक्षण उपकर आणि बिगरनिवासी मिळकतींवरील रोजगार हमी उपकर ती राज्य शासनासाठी गोळा करते. शहरातील दुकानदाराच्या देयकातली ही शेवटची ओळ दुष्काळी गावात बांधबंदिस्तीच्या कामावर जाणाऱ्या मजुराशी जोडलेली आहे, हे किती दुकानदारांच्या ध्यानी येत असेल?

आकारणीचा न्याय हा या कराचा खरा कस. जुन्या पद्धतीत मिळकत भाड्याने दिल्यास वाजवीपणे वर्षाला किती उत्पन्न येईल, हे ठरवून त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करीत आणि उरेल ते करयोग्य मूल्य मानीत. मुंबईत मात्र 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी गोठली आणि त्यांबरोबर करयोग्य मूल्यही गोठले. परिणामी, समोरासमोरच्या दोन इमारतींतील रहिवासी तीच गटारे आणि तेच रस्ते वापरत असूनही अत्यंत विषम कर भरू लागले. म्हणून तेथे 2010 पासून रेडी रेकनर या शासकीय मूल्यदर तक्त्यातील दर, क्षेत्रफळ, बांधकामाचे वय व प्रकार आणि वापर यांवरून भांडवली मूल्य काढण्याची पद्धत आली. पुढे 2022 पासून मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतची निवासी घरे करमुक्त झाली. लहान घरात राहणाऱ्यांस हा दिलासा खरा. परंतु सेवेचा खर्च माफीने नाहीसा होत नाही, तो अन्य कोणाच्या तरी खात्यावर पडतो, याचाही विचार माफी मागणाऱ्याने आणि देणाऱ्याने करावा.

या विचाराची निकड आज अधिक आहे. नाक्यावर वसूल होणारी जकात हा एके काळी महाराष्ट्रातील नगरांचा मोठा आधार होता. नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये गेली आणि मुंबईची 1 जुलै 2017 रोजी. तिच्या जागी महापालिकांस राज्य शासनाकडून भरपाई मिळते. परंतु भरपाई देणारा हात दुसऱ्याचा असतो. 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे सोपवता येतील असे 18 विषय बाराव्या अनुसूचीत नमूद केले खरे, तथापि ज्याची तिजोरी परस्वाधीन त्याचा कारभार स्वाधीन कसा राहील? आता स्वतःची म्हणावी अशी मुख्य मिळकत घरपट्टीचीच उरली आहे.

वसुली जप्तीच्या धाकानेच होते, असे नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोदा ग्रामपंचायतीने भास्करराव पेरे पाटील यांच्या कारकिर्दीत कर भरणाऱ्या कुटुंबास वर्षभर दळण मोफत देण्याचा पायंडा पाडला, स्नानासाठी गरम पाण्याची सोय केली आणि कर व सेवा यांचे नाते गावकऱ्यांस प्रत्यक्ष दाखवून दिले. दिलेला पैसा पिठाच्या डब्यात आणि आंघोळीच्या बादलीत परत येतो हे घरच्या बाईने पाहिले, की थकबाकीदारास उपदेशाची गरज उरत नाही.

मात्र कर भरणे हे कर्तव्याचे अर्धेच अंग झाले. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, व्हाइसरॉयच्या स्वागतावर नगराचा पैसा उधळण्यास त्यांनी विरोध केला, आणि तो गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असा आग्रह धरला. करदात्याच्या पैशाचा विश्वस्त कसा असावा, याचा हा वस्तुपाठ आहे. तोच बाणा सामान्य नागरिकानेही अंगी आणावा. आकारणी अवाजवी वाटल्यास मुदतीत हरकत नोंदवून सुनावणी मागावी. गावात असल्यास नमुना 8 या कर आकारणी नोंदवहीतील आपली नोंद तपासावी आणि ग्रामसभेत जमाखर्च विचारावा. शहरात असल्यास अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वी आपल्या प्रभागासाठी काय योजले आहे ते वाचावे. जो कर चुकवतो तो हा जाब विचारण्याचा नैतिक अधिकार गमावतो, आणि जो भरूनही विचारत नाही तो आपला अधिकार वाया घालवतो. नियमाने भरणारे आणि नेटाने विचारणारे नागरिक ज्या गावात बहुसंख्य होतील, त्या गावाच्या कारभाऱ्यांस चोख कारभार केल्यावाचून गत्यंतर उरणार नाही.