बसवण्याजोगी नाटके

नाटक चांगले आहे असे म्हणणे निराळे आणि ते बसवा असे म्हणणे निराळे. पहिले म्हणणाराच्या पदरचे काही जात नाही. दुसरे म्हणणारा मनुष्य दहापंधरा जणांच्या दोन-दोन महिन्यांच्या संध्याकाळी, त्यांच्या घरच्यांची नाराजी, नाट्यगृहाचे भाडे आणि लेखकाचे मानधन या सगळ्यांना जामीन राहतो. आम्ही काही नाट्यपंडित नव्हे. कामगार संघटनेची वर्गणी गोळा करणे आणि मालकाशी वाटाघाटी करणे यात आमची हयात गेली. नाटकाचा संबंध आला तो कामगारांच्या हौशी मंडळांमुळे. तेव्हा आज जी चार नाटके सुचवणार आहोत, ती जामिनकी पत्करूनच.

नवे नाटक कशाला म्हणावे? यंदा ज्याची जाहिरात वर्तमानपत्रात आली ते नवे, असा साधारण समज आहे. हे नाटक मुंबई-पुण्यात शंभर प्रयोग करते आणि तालुक्याच्या गावाला त्याचे नावही कळत नाही. आमच्या मते नाटकातला प्रश्न ज्यांचा आहे, त्यांच्यासमोर ते जोवर झाले नाही, तोवर ते नवेच. या हिशेबाने आमच्या यादीतले पहिले नाटक १८५५ सालचे आहे, म्हणून कोणी हसू नये.

ते जोतीराव फुल्यांचे ‘तृतीय रत्न’. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला ‘सीतास्वयंवर’ करून तेव्हा बाराच वर्षे झाली होती. रंगमंचावर देव होते, राक्षस होते; आणि इकडे अठ्ठावीस वर्षांच्या आतबाहेरच्या एका तरुणाने एक कुणबी, त्याची गरोदर बायको आणि दारात आलेला जोशी एवढ्यावर नाटक रचले. पोटातल्या पोराला ग्रहांची पीडा आहे अशी भीती घालून जोशी त्या जोडप्याला खर्चात पाडतो. एक पाद्री येऊन वाद घालतो. मध्ये मध्ये एक विदूषक पात्रांच्या बोलण्यातले वर्म उघडे करतो. शेवटी नवराबायको रात्रीच्या शाळेत शिकायला जायचे ठरवतात.

हे नाटक जोतीरावांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे धाडले. पेशवाईतल्या दक्षिणेच्या पैशातून इंग्रज सरकार मराठी ग्रंथांना बक्षिसे देई, त्यासाठी ही कमिटी होती. तिने ते नाकारले. आतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) नमूद केले आहे. जोतीराव १८९० साली गेले. नाटक छापून लोकांपुढे आले ते १९७९ साली. म्हणजे लिहिल्यापासून एकशे चोवीस वर्षांनी!

बसवणारांना आमचे सांगणे असे. जोशाचे सोंग करू नका. मोठी शेंडी लावून, डोळे फिरवून नटाने जोशी केला, की प्रेक्षक हसतो आणि मनात म्हणतो, असल्या माणसाला आम्ही थोडेच फसणार. जोशी गोड बोलणारा, घरच्या माणसासारखी विचारपूस करणारा हवा. दोन वर्षांत दामदुप्पट देतो म्हणून कारखान्याच्या फाटकाशी येणारा माणूस आम्ही पाहिला आहे. तो कधीही मोठ्याने बोलत नसे, सगळ्यांच्या पोरांची नावे त्याला पाठ असत. त्या माणसाने आमच्या लोकांचा बोनस नेला. त्याच्यासारखा जोशी उभा करा, म्हणजे १८५५ हे साल कोणाला आठवणार नाही. आणि मंडळातला सर्वांत चांगला नट विदूषकाला द्या. नाटकाचा तोल त्याच्यावर आहे, जोशावर नाही. पाद्री मात्र नाटकातल्यासारखाच ठेवा. आज अडचणीचा वाटतो म्हणून त्याला गाळणे हा मूळ लेखकाशी अप्रामाणिकपणा होईल.

आता त्या दक्षिणा कमिटीला नावे ठेवणे सोपे आहे. पण नाटके नाकारणाऱ्या कमिट्या काही एकट्या इंग्रजी अमदानीत झाल्या नाहीत. एका कमिटीत आम्ही स्वतः होतो.

१९९७ साली जयंत पवारांचे ‘अधांतर’ रंगमंचावर आले. त्यानंतर दोन-तीन वर्षांत आमच्या मंडळापुढे ते बसवण्याचा प्रस्ताव आला. आणला होता हिशेब लिहिणाऱ्या एका मुलीने. तिचे वडील गिरणीत होते. चर्चा झाली ती नाटकाची झालीच नाही. “संप हरला हे आता आपणच तिकीट लावून सांगायचे काय?” असे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, आणि पुढे सगळे त्याच सुरात. विरोधात जे हात वर झाले त्यांत आमचा एक होता. ती मुलगी एवढेच म्हणाली, “आमच्या घरात असंच चाललंय. मग ते दाखवायचं कुणी?” उत्तर कोणी दिले नाही. आम्ही एक विनोदी नाटक बसवले, लोक हसले, आणि ती मुलगी पुन्हा तालमीला आली नाही.

नाटक आम्ही तोवर वाचलेदेखील नव्हते. पुढे वाचले तेव्हा लाज वाटली. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला; सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागण्या काय होत्या, पुढारी काय बोलले, याची कागदपत्रे मिळतात. पण गिरणीचा पगार थांबल्यावर दहा बाय बाराच्या खोलीत काय झाले, हे कोणत्या इतिवृत्तात लिहिलेले असणार? पवार त्या गिरणगावातच वाढले, आणि त्यांनी ते लिहिले. धुरी नावाचे घर आहे. बाप नाही. आई आहे, तीन मुलगे आणि एक मुलगी. थोरला बाबा लेखक व्हायला निघालेला, मधल्या मोहनच्या डोक्यात क्रिकेट, धाकटा नरू गुंडांच्या टोळीत. गिरणी नसेल तर माणसाने काय करावे, या एकाच प्रश्नाची ही तीन उत्तरे. आणि तिन्हींना जेवायला वाढायचे आईने. पवारांनी पुढाऱ्याला शिव्या दिल्या नाहीत की हार घातला नाही. आमच्या कमिटीला झोंबले असते ते नेमके हेच, कारण आम्हांला दोहोंपैकी एक सवयीचे होते.

कामगारांच्या मंडळांनी हे नाटक अवश्य करावे. नेपथ्य एका खोलीचे. खर्च फार नाही. मात्र ती खोली खरी हवी, चार माणसे उभी राहिली की पाचव्याला वाट नाही अशी. रंगमंच रुंद मिळाला म्हणून भिंती लांब सारू नयेत. आणि शेवटी घोषणा किंवा लाल झेंडा घालण्याचा मोह टाळावा. आईच्या भूमिकेसाठी आवाज चढवणारी नटी नको. दिवसभर काम करून आल्यावरही जी हात चालू ठेवून बोलते अशी कोणी आपल्या वस्तीत असतेच, तिला विचारावे.

तिसऱ्या नाटकाबद्दल थोडक्यात. राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले आणि नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ साली आले. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, पण महाराजांचे विचार मागेच राहतात आणि ते शोधायला त्याला पुन्हा पृथ्वीवर यावे लागते, अशी कल्पना. कल्पना आणि गाणी संभाजी भगत यांची. बहुतेक कलावंत जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थ गावचे, शेती करणारे. आमच्याकडे शहरातल्यासारखे नट नाहीत, ही सबब सांगणाऱ्या मंडळांनी एवढे एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवावे. नाटकात हशा पुष्कळ आहे. तो वाढवण्याच्या नादात महाराजांविषयीचा मुद्दा बुडू नये, इतकी काळजी घेतली म्हणजे झाले.

चौथ्याकडे वळण्यापूर्वी व्यवहाराच्या दोन गोष्टी. तालीम सुरू करण्याआधी लेखकाची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी घ्यावी आणि मानधन ठरवावे. कामगारांनी लेखकाची मजुरी बुडवणे शोभत नाही. संहितेला परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आहे की नाही, हेही आधीच पाहावे. तारीख मिळाल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही. आणि पहिले वाचन नटांपुढे करू नये. नट आपापली भूमिका मोजत बसतात. वाचन करावे नाटकाशी संबंध नसलेल्या आठदहा माणसांपुढे, त्यांत निम्म्या बायका असाव्यात. लोक कुठे खोकतात, कुठे चहाची आठवण काढतात, आणि कुठे कोणी उठत नाही, याची पेन्सिलीने खूण करावी. परीक्षकांच्या गुणपत्रिकेपेक्षा ही खूण अधिक भरवशाची, असा आमचा अनुभव आहे.

प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ आम्ही असेच वाचले. आधी एकांकिका असलेले हे नाटक २०१७ साली पूर्ण नाटक म्हणून व्यावसायिक रंगभूमीवर आले. आमच्या मंडळात नट्या मिळत नाहीत, हे रडगाणे नेहमीचे. इथे पात्रेच दोन, दोन्ही स्त्रिया, पण दोघींना गाता आले पाहिजे. तुकोबांना शोधत रानात गेलेल्या आवलीच्या पायात काटा रुततो. तिची शुश्रूषा करायला रखुमाई परक्या बाईचे रूप घेऊन येते. एकीचा नवरा देवामागे गेलेला, दुसरीचा देव भक्तांमागे.

भक्तीचे नाटक, आपल्या मंडळाचे नव्हे, असा आमचा ग्रह होता. वाचन आमच्याच घरी झाले. वीस-पंचवीस वर्षे आम्ही सभांना गेलो, मोर्चांना गेलो, तीनदा तुरुंगात गेलो. रेशन कोणी आणले, पोरांची फी कोणी भरली, हे आम्हांला विचारूनच कळले असते. वाचताना आवली बोलू लागली, की आमची नजर पानावरून वर उठेना. पेन्सिलीची खूण करायचेही राहून गेले.

वाचन संपल्यावर सगळे उठले. आमच्या सौभाग्यवती कप उचलीत होत्या. त्यांनी विचारले, “यात तुकोबा येतच नाहीत का हो?”

“नाहीत,” आम्ही म्हटले.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.