चित्र पाहण्याचे शिक्षण

ओळखणे आणि पाहणे

चित्र समोर आले की मूल प्रथम त्यातील वस्तूंची नावे सांगते: बाई, दिवा, साडी. ही ओळख झाली. उजेड कोठून येतो, एक बाजू मोकळी का सोडली आहे, असे संबंध दिसू लागले म्हणजे रसग्रहण सुरू होते. शाळकरी मुलांच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांचा भर वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र अशा काढण्याच्या विषयांवर आहे. पाहण्याचे शिक्षण त्यातून आपोआप मिळत नाही. ते स्वतंत्रपणे द्यावे लागते.

तीन प्रश्न

न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टचे शिक्षणविभागप्रमुख राहिलेले फिलिप येनवाइन आणि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउसन यांनी चित्रचर्चेची एक पद्धत घडवली. आरंभी काही क्षण सर्वांनी नुसते पाहायचे, मग तीन प्रश्न: चित्रात काय चालले आहे? असे कशावरून वाटते? आणखी काय सापडते? पद्धतीचे खरे बळ दुसऱ्या प्रश्नात आहे, कारण त्यामुळे मताला चित्रातलाच पुरावा द्यावा लागतो. मूल ज्या भागाविषयी बोलते तो भाग शिक्षक बोटाने दाखवतो, उत्तर निराळ्या शब्दांत मांडतो आणि दुसऱ्या मुलाच्या म्हणण्याशी जोडतो. बरोबर-चूक तो ठरवत नाही.

प्रश्नाकडून तंत्राकडे

हा दुसरा प्रश्न एका चित्राला लावून पाहू. सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे १९४५-४६ मधील चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळांना ते चित्रकार राजा रविवर्मा यांचे वाटते. एका हातात दिवा धरलेली स्त्री दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करते आहे. दिवा पेटलेला आहे हे कशावरून, असे विचारले की मुले उजळलेल्या चेहऱ्याकडे आणि तांबूस दिसणाऱ्या बोटांकडे वळतात. येथे माध्यमाची गोष्ट सांगणे सार्थ ठरते. चित्र जलरंगात आहे. पारदर्शक जलरंगात कागदाचा पांढरेपणा राखूनच उजेड मिळवायचा असतो. गडद झालेला भाग तैलरंगाप्रमाणे पुन्हा सहज उजळता येत नाही. म्हणजे तो प्रकाश चित्रकाराने पहिल्या हातापासून सांभाळलेला आहे. हे कळल्यावर मूल त्याच बोटांकडे पुन्हा, अधिक बारकाईने पाहते.

माहितीची गरज

प्रत्येक चित्र केवळ पाहून उलगडत नाही. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यातील विश्वंतर जातकात एकच राजपुत्र अनेक प्रसंगांत पुन्हा पुन्हा येतो. ही कथनरीत ठाऊक नसलेल्या मुलाला तेथे अनेक राजपुत्र दिसतील, आणि त्याचा तर्क त्याच्या परीने योग्यच असेल. अशा वेळी तीन प्रश्न अपुरे पडतात, कथा सांगावीच लागते. मात्र ती आधी सांगितली, तर मूल चित्रात केवळ ऐकलेलेच शोधत राहते. म्हणून निरीक्षणानंतरची वेळ योग्य.

छापील प्रतींची मर्यादा

पुस्तकाच्या पानावर अजिंठ्याचे भित्तिचित्र आणि हातात धरून पाहण्याचे लघुचित्र एकाच मापाचे होतात. मूळ माप, पृष्ठभागाचा पोत, कुंचल्याचा दाब हे सारे प्रत्यक्ष चित्रापुढेच कळते. संग्रहालयाच्या एका भेटीत दोन-तीन कलाकृती पुरेत. सर्व दालने उरकण्याच्या घाईत मूल पुन्हा नावे मोजू लागते.